सात नंबरची खाट

सोमवार, ६ एप्रिल
पोचले एकदाची सोलापूरला! आमच्या गावाच्या, केमच्या स्टेशनवर सतीशदादाने तीनदा विचारलं, हेल्थकेअर कन्सल्टंट म्हणजे नक्की करायचं काय. म्हटलं, घड्याळ घेऊन डॉक्टरांच्या मागे फिरायचं. आज इथल्या हॉस्पिटलात तेच केलं. डॉक्टरांनी 'घरी सोडा' म्हटल्यापासून पेशंट फाटकाबाहेर पडेपर्यंत साडेपाच तास! हे दोन तासांवर आणायचंय. भवानी पेठेतली खोली झकास आहे. शेजारच्या काकू तेलुगूत बोलतात, मी नुसती मान हलवते.

मंगळवार, ७ एप्रिल
आमच्या कामाची एक रीत आहे. अहवालाआधी एक दिवस आपणच पेशंट व्हायचं. पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, खोटं नाव टाक. मी दीडशहाणी. आधारकार्डाशी जुळावं म्हणून स्वतःचंच नाव, वय, दादाचा नंबर लिहिला. मनगटाला पेशंटच्या नावाची पट्टी बांधली, दुसऱ्या मजल्यावर सात नंबरची खाट मिळाली. उद्या डिस्चार्ज. जेवण बरं होतं, डाळीत मीठ कमी.

बुधवार, ८ एप्रिल
चोरी पकडली! माझ्या तक्त्यात ताप-नाडीचे पुढचे आकडे आधीच भरलेले. सिद्धेश्वरी सिस्टरना झापलं. त्या म्हणाल्या, आमी न्हाय लिवलं की, म्होरलं आमाला कसं ठावं असंल? तक्त्यात दुपारी दोनला ताप १०२. सकाळी मी ठणठणीत होते. दोनला थर्मामीटर लावला. १०२.
निघाले, तर फाटकावर रखवालदाराने डिस्चार्जची चिठ्ठी मागितली. मी कन्सल्टंट आहे, सांगितलं. तो पट्टीकडे बघून म्हणाला, समदे असंच म्हनतात, ताई.

गुरुवार, ९ एप्रिल
डॉक्टर चिठ्ठीवर सही करत नाहीत. तापात सोडता येत नाही म्हणतात. साहेबांना फोन केला. ते हसले, पूर्ण अनुभव घे म्हणाले. मॅडम कुणी म्हणत नाही आता, सात नंबर म्हणतात. तक्ता फाडून टाकला. तासाभराने फाइलमध्ये पुन्हा तोच, त्याच अक्षरात. नाडी ५२. मोजली. ५२. मला फार भीती वाटतेय.

शुक्रवार, १० एप्रिल
तक्ता आज दुपारी चारला संपतो. पुढचे रकाने आहेत, आकडे नाहीत. नुसती आडवी रेघ.
घरच्यांच्या सहीने सोडतात म्हणे. दादाला बोलावलंय. चारच्या आत सही झाली की —

साडेतीन. दादा आला! खिडकीतून खालचा काउंटर दिसतो. काउंटरवाल्याने कागद पुढे केलाय. आमचा दादा, न वाचता सही करणारा. केली! सुटले —

हे काय? सिस्टर माझी ओढणी, चपला पिशवीत भरून खाली निघाल्या. हाक मारली. वळल्या नाहीत.

दादा पिशवी घेऊन खालीच बसलाय. रडतोय. फोन लावला — माझं नाव बघून आणखीच रडला, उचलला नाही —

दादा, वर बघ — खिडकीत — चारला अजून दोन मिनिटं आहेत, मी अजून