बंदराचा लाडका हवालदार

१ जानेवारी १९८७, सकाळी

नवी डायरी. कोपऱ्यावरच्या वाण्याने प्रेमाने दिली. म्हणजे गल्ल्यापाशी पडली होती, मी उचलली, तो काही बोलला नाही. संकोची माणूस.

संकल्प : एक, पोट कमी करणे. दोन, यंदा कुणाकडून फुकट काही घेणे नाही. मात्र कुणी मनापासून दिलं तर मन मोडणे नाही. तीन, रिटायर होईपर्यंत ही बंदरावरची चौकी सोडणे नाही. जुहूची हवा आणि दारात ताजी मासळी! असलं पोस्टिंग धाकू परबाला मिळालं ही पूर्वजन्मीची पुण्याई.

२ जानेवारी

संकल्प दोन चालू. सोनूबाईच्या पाटीतलं एकच पापलेट उचललं. एरवी दोन उचलतो.

ती म्हणाली, हवालदार, अजून भवानी व्हायची हाय. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे कपाळाला लावायची इथल्या कोळणींची पद्धत. मी पैसे देत नाही, तरी मी पापलेट उचललं की सोनूबाई नुसताच हात कपाळाला लावते. केवढी श्रद्धा! माझे डोळे पाणावले.

पोट : उद्यापासून.

७ जानेवारी

माझ्या आधी इथे दशरथ मोहिते हवालदार होता. तोही बंदरावर फार लाडका होता म्हणे. बायका त्याचं नाव काढून अजून हसतात. तरी बिचाऱ्याची एकाएकी समुद्रापासून लांब, नाहूरला बदली झाली. खात्याला माणसाची कदर नाही.

९ जानेवारी

नवे साहेब आलेत. उत्साही आहेत, उत्साह जाईल सवयीने. पंचवीस तारखेला बंदरावर पोलीस-जनता मेळावा. पोलीस कसा वागतो ते लोकांनी स्टेजवर बेधडक सांगायचं, साहेब जागच्या जागी निर्णय देणार. चौकीतले बाकीचे पांढरेफटक पडले. मी नाही. कर नाही त्याला डर कशाला?

एकच बारीक बाब. सोनूबाईचा नवरा महादू. गेल्या वर्षी त्याने भर बाजारात माझ्याकडे पापलेटचे पैसे मागितले. शांतता भंगू नये म्हणून मी त्याला दिवसभर चौकीत बसवलं. त्याने वर तक्रार केली. चौकशी फिरत फिरत माझ्याकडेच आली. मी स्वतःला कडक प्रश्न विचारले, पण निर्दोष निघालो. मग जबाबासाठी महादूला महिनाभर रोज बोलावलं. त्याची होडी किनाऱ्यावर पडून राहिली, शेवटी त्याने तक्रार मागे घेतली. याला म्हणतात समेट.

१४ जानेवारी, संक्रांत

सोनूबाईला तिळगूळ दिला (वाण्याकडचा). म्हटलं, गोड बोला, विशेषतः पंचवीस तारखेला. ती म्हणाली, हवालदार, इतकं गोड बोलू का साहेबाला साखर चढेल. काय मायेची माणसं!

पोट : तिळगुळामुळे स्थगित.

२० जानेवारी

मासे सुकवायच्या जागी सगळ्या बायका गोल करून बसल्या होत्या. मला पाहून गप्प. माझ्या सत्काराचा बेत असणार. मी दुसरीकडे पाहत निघून गेलो, त्यांचं सरप्राइज मोडू नये म्हणून.

सोनूबाईची जाऊ द्रौपदी मागून आली. विचारलं, तिकडं नाहूरला ताजी मासळी मिळते का हो? मी म्हटलं, छे, तिकडे भोपळा नि दोडका. ती खूश होऊन गेली. तिला काय करायचंय नाहूरशी?

२५ जानेवारी, मेळावा संपल्यावर

विजय!

सकाळी बायको, नलिनी, म्हणत होती, माका भीती वाटता, त्या बायका तुमका सोडूच्या नाय. मी म्हटलं, तुला जनसंपर्क कळत नाही.

सोनूबाई माइकवर आली. म्हणाली, साहेब, या हवालदारासारखा देवमाणूस नाय. हा आल्यापासून आमी चोराला भीत नाय. (साहेब हसले. का?) हा रोज सकाळी आमची पाटी बघतो, आमच्या मालकांना चौकीत बोलावून मायेनं बसवून घेतो. पन आमी स्वार्थी नाय. जिथं लोकांचा पोलिसावर विश्वास नाय तिथं ह्याला धाडा. नाहूरला लई गरज हाय म्हनतात. आमी काळजावर दगड ठेवू. आणि पदर डोळ्याला लावून हुंदके! मागे महादूसुद्धा डोळे पुसत होता. खांदे गदगदा हलत होते त्याचे.

साहेब भारावले. म्हणाले, पहिल्यांदाच पोलिसासाठी जनता रडताना पाहिली. जागच्या जागी माझी नाहूरला बदली. टाळ्या थांबेचनात. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

शाल आणि नारळ तर तयारच होते. बदलीचं साहेबांनी आत्ता ठरवलं, मग यांनी शाल कधी आणली? प्रेमाला सगळं आधीच कळतं.

संकल्प तीन मोडला. पण जनतेच्या आग्रहाखातर.

२ फेब्रुवारी, नाहूर

चौकी. एक टेबल, एक कुत्रा. समोर गवत.

आणि दशरथ मोहिते! त्याने माझ्या हातातली शाल पाहिली. ट्रंक उघडली. तसलीच शाल, तसाच काठ. विचारलं, सोनूबाई रडली? म्हटलं, हुंदके देऊन. काळजावर दगड ठेवला? म्हटलं, हो. त्याच्या वेळीही ठेवला होता म्हणे.

म्हणजे बंदरावर दोघंच लाडके झाले, आणि दोघंही नाहूरला. योगायोग.

जेवण : भोपळा.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बंदरावर गेलो, साध्या कपड्यांत. लोकांना माझी आठवण येत असणार.

माझ्या जागी आलेला अंबादास द्रौपदीकडून मांदेली घेत होता. चक्क पैसे देऊन! पोराला लोकांचं प्रेम मिळवता येत नाही.

मी नेहमीप्रमाणे सोनूबाईच्या पाटीतलं पापलेट उचललं. तिने मनगट धरलं. भाव सांगितला. मागे महादू कोयता धुवत उभा होता. मी इकडे तिकडे पाहिलं. खिशात हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजारात पैसे दिले.

तिने ती नोट दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले, कपाळाला लावली. म्हणाली, भवानी चांगली झाली, असेच येत जा परबभाऊ. हसली. हे हसू मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

हात कपाळाला लावणं पण असं नव्हतं पूर्वी. तेव्हा डोळे उघडे असायचे, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायची.

घरी येऊन नलिनीला विचारलं, मी फुकट पापलेट उचलायचो तेव्हा सोनूबाई कपाळाला हात का लावायची गं?

नलिनीने माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.