झोपेची बाटली

४ मार्च
भिंगरी आज सफरचंदाच्या फोडी डावीकडूनच चावत होती. नात चार वर्षांची, जीभ मात्र वकिलाची. विचारलं तर म्हणते, "तिकडचे दात झोपलेत, आजोबा." बॅटरी लावून पाहिलं. वरचे पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी, उजव्या दाढेत खड्डा. काडी जाईल एवढा. तोंडाला वासही येतोय. लेकीला काही बोललो नाही. दुधाचे दात, आज ना उद्या पडणारच.

६ मार्च
दुपारी बाटली दिली. नेहमीचीच — दूध आणि दोन चमचे साखर. ती तोंडात धरूनच झोपते. लेकीनं बाटली दोन वर्षांपूर्वी बंद केली, निदान तिला तसं वाटतं. पण लेक सकाळी पोरीला माझ्याकडे सोडून कामाला जाते, जावई बाहेरगावी. दुपारी बाटलीशिवाय पोरीचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही. बाटली माझ्या कपाटात असते, मफलरच्या मागे. "आईला सांगायचं नाही," म्हटलं की ओठांवर बोट ठेवते. पक्की आहे कार्टी.

११ मार्च
गाल सुजला. अंगात ताप.

१२ मार्च
लेकीबरोबर भिंगरीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आठ दात किडलेत. एका दाढेच्या मुळाशी पू. मी म्हटलं, "पडणारच आहेत ना?" तर म्हणाल्या, "या दाढा दहा-अकराव्या वर्षी पडतात, आजोबा. तोवर हिनं काय करायचं? आणि हा पू पक्क्या दातांनाही सोडणार नाही." तीन काढायचे, पाच साफ करून टोप्या घालायच्या. एवढी लहान पोर, एवढे दात, तेव्हा पूर्ण भूल देऊनच.

मग विचारलं, "झोपताना बाटली?" लेक म्हणाली, "छे, कधीच बंद केली." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

तीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक होतो मी. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक मला दुकानाच्या दारातून ओळखू यायचा. आज मिठाची गुळणी धरून बसलो. लाज वाटली. तरी बसलो.

१५ मार्च
औषधानं सूज उतरली. बाटली फेकायला काढली होती. भिंगरी पायाला मिठी मारून रडली. परत मफलरमागे. ऑपरेशन झालं की नक्की फेकायची.

१८ मार्च
उद्या अकरा वाजता. हॉस्पिटल इथून जवळ, म्हणून दोघी आज माझ्याकडेच राहिल्यात. लेकीनं फ्रिजवर कागद चिकटवलाय — पहाटे पाचनंतर खाणं नाही, दूध नाही. नियम लिहिणाऱ्यांचं काय जातंय! उपाशी पोराचं तोंड त्यांना बघावं लागत नाही.

१९ मार्च
सगळं लिहून ठेवतो.

आठ वाजता लेक अंघोळीला गेली. भिंगरी भुकेनं कासावीस. रडली नाही, नुसतं कपाटाकडे बोट दाखवलं. म्हटलं, चार घोटांनी काय आभाळ कोसळतंय? दिले. बाटली विसळून जागेवर ठेवली.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी लेकीला विचारलं, "पाचनंतर पोटात काही?" "काही नाही." मग मला. मीही नाही म्हटलं. मग ते भिंगरीपुढे उकिडवे बसले. "तू सांग. सकाळी दूध प्यायलीस?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली — नाही. ओठांवर बोट ठेवलं नाही एवढंच. डॉक्टर लेकीला म्हणाले, "पोटात दूध असलं तर भुलीत उलटून फुप्फुसात जातं. जिवावर बेततं, म्हणून तिघांना विचारतो." नर्सनं तिला उचलून आत नेलं. दार मिटलं.

मी उठून त्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. लेकीला वाटलं, काळजीनं. "बसा बाबा, होईल नीट," म्हणत तिनं माझा हात धरला. तो सोडवला आणि दोन्ही मुठींनी दार बडवलं.

भूल अजून दिली नव्हती. ऑपरेशन रद्द. डॉक्टर खूप बोलले. बाटलीचंही सगळं सांगून टाकलं. लेकीनं भिंगरीला कडेवर घेतलं आणि रिक्षा करून थेट आपल्या घरी गेली.

२० मार्च
लेक येऊन भिंगरीची खेळणी, कपडे, उशी घेऊन गेली. कपाट उघडून बाटलीही. पोरीला पाळणाघरात घालणार म्हणाली.

२७ मार्च
काल ऑपरेशन झालं. नीट झालं. मला आज कळलं.

संध्याकाळी फोन वाजला. भिंगरी. पुढचे दात नाहीत, त्यामुळे शब्द फसफसत होते. आणि कुजबुजत होती.

"आजोबा, मी नाही सांगितलं आईला. खरंच नाही. मग मला तुझ्याकडे का पाठवत नाही ती?"