प्लॉट क्रमांक सात आणि झुडपी जंगल

मी, सोमाजी पत्रू देवगडे, वय ७२, धर्म बौद्ध, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातला निवृत्त फिटर, राहणार दुर्गापूर, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, शुगर सोडली तर शरीराची तक्रार नाही आणि हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही. पत्नी आशाबाई "आटपा ना एकदाचं" असे दोनतीनदा म्हणाली, त्याला दबाव समजू नये. याआधी एक मसुदा केला होता, तो मीच फाडला. कारण कलम ५ मध्ये आहे.

१. दुर्गापूरचे राहते घर माझ्या स्वकष्टाच्या कमाईचे आहे. त्यातल्या दोन खोल्या किरायाने दिल्या आहेत. आशाबाई हयात असेपर्यंत घर आणि किराया दोन्ही तिचे, तिच्यानंतर घर मुलगा विक्कीचे. तिच्या हयातीत घर विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही आणि 'डेव्हलपमेंटला' द्यायचे नाही. हा शेवटचा शब्द विक्की माझ्यासमोर अनेकदा बोलला आहे, म्हणून मुद्दाम लिहिला.

२. राजुऱ्याजवळचे एक एकर शेत मुलगी मंजुषाला. हे शेत मी मेव्हण्याशी भागीत घेतले होते. खाण येणार, जमीन जाणार, नोकरी मिळणार, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. खाण नाल्याच्या पलीकडे गेली. मेव्हणा म्हणतो भाऊजींनी भरीस घातले. मी म्हणतो त्यानेच. वाटणी झाली तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. मंजुषाने सोयाबीन पेरावे आणि खाणीची वाट पाहू नये.

३. माझी पान्यांची पेटी, व्हर्निअर आणि दोन्ही हातोड्या मंजुषालाच. विक्कीला नळाचा वायसर बदलता येत नाही, तिला येतो.

४. विक्की पुण्यात नोकरीला आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याला जमिनीत पैसा गुंतवायचा आहे आणि दर रविवारी तो फोनवर तेच ते विचारतो. इथलेही लोक विचारायला येतात, कारण मी चार कागद केले म्हणून मला जाणकार समजतात. विक्कीला माझी उत्तरे वारसात मिळावीत. भाव कधी वाढेल? विकणाऱ्याला ते तुझ्याआधी कळते, तरी तो विकतो आहे. काऊन विकतो, ते आधी विचार. कर्ज काढून प्लॉट घेऊ का? हप्ता पगारातून जाईल, प्लॉट पगार देत नाही. रिकामा प्लॉट बरा की किरायाचे घर? एकाला कुंपण लागते, दुसऱ्याला उन्हाळ्यात पाणी. ज्याची कटकट सोसेल ते घे. नोटरीचा कागद चालतो का? नाही. रजिस्ट्री, मग फेरफार, मग सातबारा, आणि तो स्वतः वाचायचा. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेऊ का? त्याचे उत्तर खाली आहे.

५. गावाबाहेर प्लॉट पाडून विकलेल्या लेआउटमधला कोपऱ्याचा प्लॉट क्रमांक ७. दलाल राजदीप निमकर याने २०१४ साली मला सांगितले की चार गिऱ्हाइके आणा, कोपरा साध्या भावात देतो. तीन आणली. चौथी बुधरी मडावी. ती कॉलनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षे भांडी घासत होती आणि किरायाच्या खोलीत राहत होती. तिने एवढेच विचारले, "देवगडे भाऊ, मले वाचता येत नाई. तुमी सांगा, घेऊ काय?" मी म्हणालो, "घे बाई, काई भेव नाई." माझ्या सात नंबरचा सातबारा मी दोनदा वाचला होता. तिच्या एकतीस नंबरचा पाहिलाही नव्हता.

तीन वर्षांनी ती पाया खोदायला गेली तेव्हा वनरक्षकाने काम थांबवले. एकतीस नंबर सरकारी गटात होता आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिले होते. तिथे बाभळीची काटकीसुद्धा नाही. मी तलाठ्याला तसे सांगितले तर तो म्हणाला, "काका, झाड जमिनीवर नसलं तरी चालते. कागदावर हाये ना." आपल्याकडे अशा उघड्या माळालाही सरकार जंगल म्हणते आणि त्यावर घर बांधता येत नाही. हे मला ठाऊक होते, तरी मी पाहिले नाही. राजदीपने तिला रजिस्ट्रीऐवजी नुसता नोटरीचा कागद करून दिला होता, त्याकडे बोट दाखवून त्याने हात झटकले. माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला त्याला बोलावू नये. तो तरीही येईल. जेवू द्यावे, पण कार्डे वाटू देऊ नयेत.

बुधरीने मला कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटली की बरे आहे का विचारायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते. माझ्या शब्दावर ती बुडाली आणि त्याच शब्दावर मला कोपरा मिळाला, हे मी घरातही सांगितले नव्हते. मला याची लाज वाटते.

फाडलेल्या मसुद्यात लिहिले होते की माझ्यामागे प्लॉट ७ बुधरीला द्यावा. आपण फार मोठे काम करतो आहोत असे वाटून मी तिला घरी बोलावले आणि वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे मी तुमच्या मरनाची वाट पाहू काय, भाऊ? अन् मीच पयले मेली त?"

मसुदा मी तिच्यासमोरच फाडला. पुढच्याच आठवड्यात मी प्लॉट ७ तिला बक्षीसपत्राने रजिस्ट्री करून दिला. फेरफार झाला, सातबारा तिच्या नावाने निघाला आणि तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसून मी तो तिला वाचून दाखवला. विक्कीने तिथे चार दुकानगाळ्यांचा नकाशा काढून ठेवला होता. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, अजूनही तुटक बोलतो. पण तो प्लॉट आता माझ्या मालमत्तेत नाही, तेव्हा त्यासाठी त्याने कोर्टाची पायरी चढू नये.

६. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकील माधवीबाईंनी बजावले. त्याप्रमाणे खालील दोघींना या कागदातून काहीही मिळत नाही. दोघींसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

ठिकाण: चंद्रपूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: सोमाजी पत्रू देवगडे (सही)

साक्षीदार:
१. अन्नपूर्णा भिवाजी उराडे, वय ६६, निवृत्त परिचारिका, राहणार दुर्गापूर (सही)
२. बुधरी झुरू मडावी, वय ६४, राहणार टिनाची खोली, प्लॉट क्रमांक ७ (अंगठा)