चुन्याच्या निवळीत फुंकलेली सोयरीक

मु. कुरुंदा, फाल्गुन शुद्ध पंचमी, फसली १३५०

साखऱ्याचे सोनाजीराव यांच्या सेवेशी कुरुंद्याच्या ज्ञानबाचा हात जोडून रामराम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची प्रकृती विचारायला मात्र जीभ रेटत नाही, कारण परवा सुपारी फोडायला म्हणून आलात आणि वाढलेल्या ताटावरून उठून उपाशीपोटी गाडी जुंपलीत. पित्त उठलं असेल तर मोरावळा घ्यावा. (व्याही लिहावं की लिहू नये हेच कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नये.)

झाल्या प्रकाराचा धक्का मला अजून पचलेला नाही. पण दोष तुमचा नाही, माझाही नाही. दोष त्या मोहनसिंग मास्तरांचा. तुम्ही त्यांना ओसरीवर बाटल्या मांडून बसलेले पाहिलंत, ते कोण हे सांगायची सवडच तुम्ही दिली नाही. ते हैदराबादेच्या कॉलेजात शिकवतात आणि गावोगाव हवा मोजत हिंडतात. मला आधी वाटलं, आता हवेवरही सारा बसणार. पण त्यांना हवेतला एकच वायू हवा होता, जो चुलीतून आणि आपल्या श्वासातून निघतो आणि दहा हजार भाग हवेत जेमतेम तीन भाग असतो. दहा हजार मेंढरांत तीन लंगडी हुडकायला शिकलासवरलेला माणूस इतक्या लांब येतो, हे ऐकून मी त्यांना आधी पाणीच विचारलं. तोंड वाऱ्याकडे करून, स्वतःचा श्वास रोखून ते काचेच्या चंबूत हवा धरतात, त्यात चुन्याची निवळी ओतून घुसळतात. वायू जितका असेल तितका चुना पांढरा होऊन तळाशी बसतो. उरला किती, ते थेंब थेंब आम्ल घालून हळदीच्या कागदावर पाहायचं. चुना आहे तोवर हळद लाल होते, चुना संपला की पिवळीच राहते. (आमच्या घरातून आवाज आला, की कुंकू करायला एवढं शिकावं लागतं व्हय.)

तर हे मास्तर म्हणाले, हळद शिजवायच्या काहिली दोन दिवस बंद ठेवा, धुरानं माझं माप चुकतंय. ऐन हंगामात! गाव खवळलं. मग धूर कसा नडतो हे पटवून द्यायला त्यांनी शेजारच्या नामाजीला नळीतून निवळीत फुंकायला लावलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. नामाजी पांढऱ्या पाण्याकडं बघतो, शेजारच्या हळदीच्या कागदाकडं बघतो, आणि एकदम कान धरून म्हणतो, "व्हय, ज्ञानबाचा बोकड म्याच नेला." मी हबकलोच. तो बोकड मी लांडग्याच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. आणि आमच्याकडं खऱ्याखोट्यासाठी बेलभंडारा उचलतात हे तुम्ही जाणताच. हळद समोर होतीच, तेव्हा हा शहरातून आलेला भंडाराच आहे, अशी सगळ्यांची खात्री पटली. मास्तर न्हाई न्हाई म्हणून ओरडत होते, पण ऐकतो कोण.

तेवढ्यात तुम्ही आलात. ताटं वाढेपर्यंत कुणीतरी गमतीनं नळी तुमच्या हाती दिली, तुम्हीही फुंकलंत. पाणी पांढरं झालं, सगळे तुमच्याकडं बघू लागले, आणि तुम्ही घाम पुसत बोलून गेलात, "पोरीच्या हातच्या न्हाईत हो त्या पुरणपोळ्या. आमच्या शेजारच्या पार्वतीबाईच्या हाईत." सोनाजीराव, खरं सांगतो, हातातला तांब्या मी तिथंच खाली ठेवला. पोरीला बघायला आलो तेव्हा तुमच्याकडं खाल्लेल्या त्या पोळ्यांवर तर मी सोयरीक ठरवली होती.

तुम्ही शरमेनं ताट तसंच सोडून गेल्यावर सगळ्यांनीच फुंकलं. पुजाऱ्याचं पांढरं, सावकाराचं पांढरं. पाटलांनी तर हट्टानं इतका वेळ फुंकलं की पांढरं झालेलं पाणी पुन्हा निवळलं (म्हणजे पाटील त्यातूनही सुटले). शेवटी मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, जिवंत माणसाच्या श्वासानं ते पांढरं होणारच, ज्याचं होणार नाही त्याला उचलून न्यायची तयारी करा. म्हणजे तुमची कबुली अगदीच फुकट गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

सुपारी देवघरातल्या फळीवर तशीच ठेवली आहे. विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
ज्ञानबा

ता. क. मी फुंकलं का, असं तुम्ही विचाराल. पाहुण्यांच्या आधी यजमानानं फुंकणं बरं दिसलं नसतं, आणि पाहुणे गेल्यावर माझी पाळी येईपर्यंत निवळी संपली होती.

ता. क. लग्न झालंच तर पुरणाला पार्वतीबाईंना घेऊन यावं.

आणखी एक. मुख्य गोष्ट राहिलीच. पोळ्यांचं ऐकून सगळं घर हादरलं, पण आमचा संतराम, म्हणजे खुद्द नवरदेव, शांतपणे जेवत होता. मी विचारलं, तुला काहून काहीच वाटंना? तर म्हणाला, मला ठावं होतं. बघायला आलो त्याच दिवशी पाणी देताना ती म्हणाली, "पोळ्या माझ्या न्हाईत, मला भाकरीच येते. चालंल का?" आणि यानं चालंल म्हणून सांगितलं होतं. सोनाजीराव, तुमच्या-माझ्या दोन्ही गावांत बाटलीत न फुंकता खरं बोललेलं ते एकच लेकरू निघालं. ते आमच्या घरी द्यावं. सुपारी घेऊन मीच येतो आहे, आणि येईन ते भाकरी खायला.