पुदिन्याचं तेल आणि हॉलमधली बायको

६ एप्रिल
सपना, म्हणजे आमची सौ., आजपासून हॉलमध्ये झोपणार. कारण म्हणे माझं घोरणं. मी घोरत नाही, खोल श्वास घेतो. तरी पुदिन्याचं शुद्ध तेल मागवलंय. अरोमाथेरपी! रविवारपर्यंत बायको परत बेडरूममध्ये. लिहून ठेवतो.

८ एप्रिल, सकाळ
तेल आलं. बाटलीवर सूचना : दोनच थेंब, खोबरेलात मिसळून. ही सर्वसामान्यांसाठी. मी केमिकल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. नाकाखाली थेट चोळलं.

८ एप्रिल, दुपार
मिशी शाबूत. खालची कातडी नाही. शेजारच्या रंभाबाई (माहेर किनाऱ्यावरचं घिवली, जीभ सुकटीसारखी) म्हणाल्या, "भाऊ, ह्या काय झाला? वैनीनं चटका दिला काय?" 

९ एप्रिल
कालपासून चोळतोय, अंगालाही. आता वासच येत नाही. तेलात दम नाही. डोस वाढवणे.

१० एप्रिल, संध्याकाळ
डिफ्यूझर महाग. कूलरच्या टाकीत उरलेली अख्खी बाटली ओतली. दारं-खिडक्या सताड, कूलर फुल. सपनानं डोळे चोळत विचारलं, "काय घातलंत त्यात?" म्हटलं, शांती.

१० एप्रिल, जेवायच्या वेळी
जिन्यात आरडाओरडा. बोईसर म्हणजे केमिकल कारखान्यांचं गाव; इथे डोळे चुरचुरले की "कसला वास?" असं कोणी विचारत नाही. रुमाल ओला करायचा आणि सुटायचं. वरचा दिपेश ओरडला, "गॅस लीक! भागो!" मला तर काहीच वास येत नव्हता, पण कर्तव्य! शिटी काढली, वाऱ्याची दिशा पाहिली, अख्खी बिल्डिंग उमरोळीच्या रस्त्याला लावली. कारखान्यांच्या बेजबाबदारपणावर छोटेखानी भाषणही केलं. टाळ्या पडल्या.

वास मात्र मागोमाग येतोय म्हणे. सगळ्यांची दिशा बदलली. तरी येतोय! शेवटी रंभाबाईंनी मला जवळून हुंगलं. "गॅस-बिस काय नाय. भाऊच हाय ह्यो!"

त्यावर सपनानं कूलरचंही सांगून टाकलं. नको तिथे खरं बोलायची तिला खोडच आहे.

११ एप्रिल
सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो. शिटीसकट. चांगला आलाय.

१२ एप्रिल, रविवार
सपना बेडरूममध्ये परतली! ठरल्या दिवशी! अरोमाथेरपी शंभर टक्के यशस्वी. कडी आतून लावलीय. हॉलमधूनही माझा वास येतो म्हणे, म्हणून मी गादी गॅलरीत टाकलीय. तात्पुरती.

जरा डोळा लागतोय तोच पलीकडच्या गॅलरीतून रंभाबाई : "भाऊ, ओ भाऊ! आता आमी कुठं झोपाचा?"