डाव्या बाजूचा गार वारा

ग्लासगो,
९ एप्रिल २०२५

चि. अक्षू,

आशीर्वाद. माझं बरं चाललंय, गुडघे आहेत तसेच. तुमच्या हाउन्सलोला ऊन पडू लागलं असेल. इथे आज सकाळीही गाडीची काच खरवडावी लागली.

वर्षश्राद्धाला येणार नाहीस, असा जावईबापूंचा, मिहीररावांचा मेसेज आला. "आईने शेवटपर्यंत दुखणं लपवलं, मला परकं केलं, मग आता मी कशाला येऊ?" असं तू म्हणालीस म्हणे.

गाडी विकायला काढली आहे. एकोणीस वर्षांची डिझेल, एमओटीची वार्षिक तपासणी पास, हीटर उत्तम. हीटर मीच दुरुस्त केला. त्याचंच सांगायचंय, शेवटपर्यंत वाच.

दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबरात आई म्हणू लागली, "अहो, माझ्या बाजूला गार वारा येतो." हात लावून पाहिला, तर खरंच. माझ्याकडे भट्टी, तिच्याकडे बर्फ. चाळीस वर्षं मशीन उघडण्यात घालवलेला माणूस मी, गॅरेजवाल्याच्या दारात जातोय थोडाच! थर्मोस्टॅट बदलला, पाणी काढून हीटरच्या नळ्या धुतल्या. ढिम्म फरक नाही. शेवटी ग्लोव्हबॉक्स उतरवला तेव्हा चोर सापडला. गरम-गार हवेची झडप फिरवणारी एवढीशी मोटर, तिच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते झिजले होते. तीन शनिवार गेले त्यात. आई छत्री धरून उभी असायची. "पुरे आता, आत या, आमटी गार होतेय."

नवी मोटर बसवून तिला फिरवून आणलं. "कसं वाटतंय?" "छान," म्हणाली. पण मांडीवर शाल आणि हात काखेत.

जानेवारीत ती घरातही कुडकुडायला लागली. "डॉक्टरांना फोन करता का? थकवा फार येतो, अन्न नको वाटतं." तुला माहीतच आहे, दवाखान्यात नंबर लागायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावावा लागतो, आणि इथलं इंग्लिश तिला फोनवर कळायचं नाही. फोन नेहमी मीच करायचो. मी म्हटलं, "अगं, गाडीतली थंडी भरलीय अंगात. थांब, हीटर परत बघतो." तुला सांगते म्हणाली, तर तेही मीच अडवलं. पोरीला उगाच घोर लावू नकोस म्हटलं.

मग थर्मामीटर आणला आणि दोन्हीकडच्या गरम हवेच्या जाळ्यांपाशी धरला. उजवीकडे बावन्न, डावीकडेही बावन्न. आई शेजारीच बसली होती. कोट घालून, दात वाजत होते तिचे.

अक्षू, मला त्याच वेळी कळलं. बिघाड शोधायची रीतच अशी की जे ठीक आहे ते एकेक बाजूला काढायचं. गाडी बाजूला निघाली. उरली ती. आणि मी काय करावं? घाबरलो गं. ग्लोव्हबॉक्स पुन्हा उतरवला, चांगली मोटर काढली, पुन्हा बसवली. असे सात आठवडे. तिने चारदा डॉक्टरांच्या फोनचं विचारलं, मी चारदा "उद्या नक्की" म्हटलं. मग तिने विचारणं सोडलं.

मार्चमध्ये ती जिन्यात कोसळली. पुढचं तू पाहिलंस. वॉर्डाबाहेर मला विचारलंस, "बाबा, आई तुम्हालाही काहीच बोलली नाही?" आणि मी म्हणालो, "नाही गं, कुणालाच नाही."

दार उघडं होतं. आई जागी होती.

तू गेल्यावर मी तिच्यासमोर मान खाली घालून बसलो. ती म्हणाली, "राहू दे. रागावली तर माझ्यावर रागावेल. मी काय, चाललेच. तुम्हाला पुढे एकट्याने काढायचंय, पोर तुटायला नको."

मी ते मुकाट घेतलं. वर्षभर तू तिला बोल लावत राहिलीस आणि मी फोनवर "हो ना" म्हणत राहिलो. लाज वाटते. रोज वाटते, पण तोंड उघडलं नाही.

तिने लपवलं नाही, बाळा. तिने सांगितलं होतं. मला.

ये. आईच्या नावाचं पान तुझ्या हातून वाढलं जाऊ दे. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. शेजारच्या नीनाकडे किल्ली ठेवून मी दिवसभर बाहेर जाईन. पण तिच्याकडे पाठ फिरवू नकोस. तिचा यात काही दोष नव्हता.

बाबा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

पुरुषोत्तम