सहा चाकांचा मान

काष्टीशेजारची वाडी, ता. श्रीगोंदा
फाल्गुन, शके १८९४

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे काकासाहेबाचा, दंडवत.

इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे दुष्काळात माणसानं जितकं खुशाल असावं असं सरकारला वाटतं, तितके. नाशकात लेकीकडं राहून तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि डॉक्टरांनी वाकायला, जड उचलायला व रागवायला सक्त मनाई केली, हे आक्काकडून कळलं. यातली तिसरी मनाई मला फारच शास्त्रीय वाटली. ती कोणत्याही परिस्थितीत मोडू नका. डोळ्यांवर पट्टी असल्यानं पत्र भागिरथीच वाचून दाखवत असेल. पोरी, सावकाश वाच, आणि पाकिटातून दोरीचा एक तुकडा निघेल तो फेकू नकोस. खुलासा पुढं येईल.

तर दाजी, नगरच्या लष्करी लिलावातून मी घेतलेली ती सहा चाकांची गाडी तुम्हाला आठवत असेल. (आक्काला तर ती रोज आठवते.) मागच्या महायुद्धात वाळवंटातून, चिखलातून, वाट नसेल तिथून फिरलेली ही गाडी आमच्या परसात येऊन जी बसली, ती बसलीच. सहा पाय म्हणून गावानं तिचं नाव मुंगळा ठेवलं. तिच्या हुडाखाली आमच्या कोंबड्या अंडी घालत, आणि जादा चाकाचं टायर चांभारानं चपलांना नेलं, त्यामुळं निम्मं गाव आजही माझ्या टायरवर चालतं आणि त्याच टायरवर चालत येऊन मला हसतं. पण यंदा दिवस फिरले. सरकारी टँकर येतो तो डांबरी सडकेवर थांबतो. पुढं कोरड्या ओढ्याची वाळू आणि त्यापुढं खडकाळ चढ, त्यामुळं वरच्या वस्तीच्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात. मागल्या आठवड्यात तिथली म्हातारी भिमाबाई भरल्या हंड्यासकट वाळूत पडली. गुडघा फुटला त्याचं तिला काही नाही. सांडलेल्या पाण्याकडं बघत बसली होती. मी ते पाहिलं आणि त्याच दिवशी चावडीवर उभा राहून सांगून टाकलं की पाडव्याच्या आत मुंगळा वस्तीच्या दारात पाणी नेईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंगळ्याला चालण्याजोगी टायरं नाहीत, हे टाळ्या थांबल्यावर माझ्या ध्यानात आलं.

इंजिन ठणठणीत होतं. (लढाई जिंकलेलं इंजिन आहे ते, कोंबड्यांना थोडंच हरणार?) टायरांचा मात्र उन्हानं पापड झालेला. नगरला टायरवाल्याकडं गेलो, तर त्यानं माप पाहून, साहेब लोक गेले तेव्हा हे मापही बोटीत बसून गेलं, असं सांगितलं. श्रीरामपूरच्या भंगारबाजारात एक मिळालं, पण त्याच्या भोकातून मला पलीकडचा दुकानदार दिसत होता. परत येताना, डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाला सुचतं तसं मला सुचलं. मुंगळ्याच्या जोडीच्या गाड्या त्याच लिलावातून भंगारात जाऊन तुटल्या आणि त्यांची चाकं आपल्याकडच्या उसाच्या बैलगाड्यांखाली आली. म्हणजे मुंगळ्याचे भाऊबंद गावातच नांदत होते, आणि यंदा ऊस नसल्यानं गाड्या नुसत्या उभ्या! रखमाजीनं दोन टायरं दिली, सहादेवानं दोन. (उरलेल्या दोन टायरांचे दाते फार उदार गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी मागाहून.)

आता तुम्ही म्हणाल, मिळाली टायरं, लावा. पण आपल्या जत्रेत बारा गाड्या एकामागं एक जोडून बारागाडे ओढतात, त्यात पहिली गाडी रखमाजीच्या घराण्याची की सहादेवाच्या, हा तंटा त्यांच्या आजांपासून चालू आहे. तोच आता माझ्या परसात आला. "आमचं टायर मागं लागलं तर गावात तोंड दाखवाया जागा न्हाई," असं रखमाजी म्हणाला. सहादेव म्हणाला, "ह्याच्या टायराची धूळ माझ्या टायरानं खायाची व्हय?" मी तोडगा काढला. पुढं उजवीकडं रखमाजीचं, डावीकडं सहादेवाचं. मधल्या जोडीतही तसंच. मागं त्या उदार गृहस्थांची जोडी. न्यायाच्या दृष्टीनं हा निवाडा बिनचूक होता. टायरांच्या दृष्टीनं काय होता, ते पुढं कळलं.

बसवण्याचं काम पहारींनी आणि शिव्यांनी झालं. ट्यूबचं भोक शोधायला मी घमेलंभर पाणी मागितलं, तेवढ्यात भिमाबाई कुठून आली देव जाणे. "मानसाला प्यायला न्हाई, आन् तू रबराला आंघूळ घालतो व्हय रं मुडद्या?" असं म्हणून तिनं घमेलंच उचलून नेलं. मग आम्ही प्रत्येक ट्यूब नवजात पोरासारखी गालाला लावून, कुठं वारा येतो ते पाहिलं. हातपंपानं हवा भरताना रखमाजीनं सहादेवाच्या टायरात हवा भरायला साफ नकार दिला. "माझा दम त्याच्या टायरात न्हाई घालायचा," म्हणाला. शेवटी मीच भरली. या गाडीत आता सर्वांत जास्त माझाच दम आहे.

पूजा झाली. सहा चाकांखाली सहा लिंबं ठेवायची, तर लिंबांसाठी नावाजलेल्या श्रीगोंद्यात लिंबू मिळेना! (हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण दुष्काळ आहे.) अखेर एकाच लिंबाच्या फोडी केल्या. मी चाक हातात घेऊन मुंगळा सोडला, तर तो वस्तीकडं निघाला आणि पन्नास पावलांत डावीकडं वळून सहादेवाच्या दारात जाऊन उभा राहिला. मागं घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा सहादेवाचं दार. तिसऱ्या वेळी तर त्याच्या उकिरड्यात पुढचे दोन पाय घालूनच बसला. "ह्यानं करनी केलीया," रखमाजी ओरडला. "माझं टायर ह्याच्या दारात जातंय म्हंजे काय!" सहादेव मिशीत हसून म्हणाला, "टायराला घरची वढ असती, बैलाला असती तशी." खरी गोष्ट एवढीच होती, की रखमाजीचं टायर कोरं म्हणून उंच आणि सहादेवाचं झिजून बुटकं, उंच बाजू पुढं पळे आणि बुटक्या बाजूला गाडी वळे. जोडी सारख्या उंचीचीच हवी. पण हे सांगावं कसं? सहादेवाला त्याचं टायर बुटकं आहे म्हणावं, तर तो टायर काढून घरी नेणार. मग मी जाहीर केलं की लष्करात खरा मान मागच्या चाकांना असतो, सगळी गाडी तीच ढकलतात. झालं! आता दोघांनाही मागची जागा हवी झाली.

तेव्हा मी शेवटचा डाव टाकला. त्या उदार गृहस्थांची टायरं एका उंचीची होती. त्यांचं नाव मी उच्चारलं मात्र, रखमाजीनं फेटा सारखा केला, सहादेवानं तपकिरीची डबी मिटली, आणि दोघंही म्हणाले, त्यांचीच पुढं लावा, त्यांच्यापुढं आमचा मान काय? मग रखमाजीची जोडी मध्ये घातली आणि त्याला सांगितलं, तू पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसलास. सहादेवाची मागं घातली आणि सांगितलं, पाण्याची टाकी तुझ्याच खांद्यावर. दोघंही खूश. मुंगळा सरळ निघाला, सडकेवर टँकरखाली टाकी भरून घेतली, ओढ्याची वाळू अशी तुडवली की जणू तो पुन्हा लढाईला निघाला आहे, आणि डुलत डुलत वस्तीवर पोचला. भिमाबाईनं आधी हंडा भरला, मग पुढच्या टायरांना कुंकू लावलं. मला लावलं नाही. पण आता मुंगळा रोज जातो, आणि ओढ्यात हंडा घेतलेली बाई दिसत नाही.

असो. डोळ्यांत औषध वेळेवर घाला. भागिरथीला व जावईबापूंना आशीर्वाद. आक्काची काळजी नसावी. हल्ली तिच्या अंगणात पुष्कळ मोकळी जागा झाली आहे.

आपला आज्ञाधारक (वेळ पडेल तसा),
काकासाहेब

ता. क. अंगणात मोकळी जागा कशी, असं तुम्ही विचारालच. ते उदार गृहस्थ म्हणजे तुम्ही. आक्का आमच्या वाडीची लेक, म्हणून तुम्ही सगळ्या वाडीचे जावई. जावयाच्या टायरापुढं कोण टायर लावणार? तुमची गाडी अंगणातून काढून काष्टीतच गोठ्यामागं चार दगडांवर सुखरूप बसवली आहे. परवानगी आक्कानं दिली, पण तिचं नाव सांगायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून सांगत नाही.

ता. क. २. या सगळ्यातून गावाला एक गोष्ट सुचली. यंदा चैत्रातल्या जत्रेत बारागाड्यांत पहिली गाडी तुमची. यावर रखमाजी व सहादेव यांचं एकमत झालं, आणि ते ऐकायला पुजारी दोनदा देवळाबाहेर आला. अडचण एवढीच, की मानाच्या गाडीला चाकं लागतात आणि तुमची मी वस्तीचं पाणी थांबवून काढू शकत नाही. तरी जावईबापूंची नाशकात ओळख आहे, त्यांना सांगून तुमच्या गाडीसाठी दोन टायरं आणवावीत. त्यांनाही कळू द्या की सासऱ्याला मान असा मिळतो. उंची पाकिटातल्या दोरीएवढी.

ता. क. ३. भागिरथी, हे औषध घालून झाल्यावर वाच. दाजी, दोरी जपून ठेवा. डोळे धड असते तर बघताच ओळखली असती. तुमच्या धवळ्या बैलाच्या कासऱ्यातून कापली आहे. मापाला तेवढीच सरळ दोरी मिळाली. रागवायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं आहे.